कॅमेऱ्याला झालेली कावीळ

‘कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. डॉक्टर म्हणून मला ती कधीच पटली नाही. कावीळ झालेले शेकडो रुग्ण मी तपासले, त्यांतल्या एकानेही ‘डॉक्टर, भिंत पिवळी दिसतेय’ अशी तक्रार केली नाही. मात्र गेल्या काही वर्षांत ही म्हण वेगळ्या अर्थाने खरी ठरताना पाहतो आहे. कावीळ कॅमेऱ्याला होते. कधी तो निरोगी बाळाला पिवळे दाखवतो, तर कधी पिवळ्या बाळाला गुलाबी. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे.

दोन प्रसंग सांगतो. पहिला सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. जुलै महिना, रात्रीचे साडेनऊ. आशाताईंनी मोबाइलवर फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. ‘सर, बाळ चार दिवसांचं आहे, पिवळं दिसतंय. काय करू?’ फोटोत बाळ हळकुंडासारखे पिवळे होते. मी म्हणालो, ‘ताई, थांबू नका, घेऊन या.’ भर पावसात जीप ठरवून, ओल्या बाळंतिणीला मांडीवर बाळ देऊन ही मंडळी पहाटे पोहोचली. उजाडल्यावर खिडकीपाशी बाळाला पाहिले तर चेहऱ्यावर किंचित पिवळी झाक. तपासणीत बिलिरुबिन त्या वयाच्या बाळाला चालेल इतकेच. घरात पिवळा बल्ब होता आणि त्याच्या उजेडात फोटो काढला होता. जीपभाडे, दोघांचा बुडालेला रोज आणि त्या आईचे हाल, हे सगळे एका बल्बपायी.

दुसरा प्रसंग नाशिक शहरातलाच, परिचितांच्या घरातला. बाळ पाच दिवसांचे. फोन महागडा, फोटो सुरेख. क्रीम रंगाच्या दुपट्यात गुंडाळलेला, पूर्ण चौकट भरून टाकणारा गुलाबी चेहरा. ‘कावीळ वाटते का हो डॉक्टर?’ असा प्रश्न होता. मी फोनवर फोटो पाहिला आणि उत्तर दिले, ‘छान दिसतंय बाळ, काळजी करू नका.’ दोन दिवसांनी आजींनी बाळाला गॅलरीत कोवळ्या उन्हात नेले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तळपायसुद्धा पिवळे आहेत. बिलिरुबिन उपचाराच्या रेषेच्या वर गेले होते. बाळाला दोन दिवस ‘पेटीत’ म्हणजे फोटोथेरपीखाली ठेवावे लागले. सुदैवाने बाळ सुखरूप आहे, आता शाळेत जाते. पण चूक माझी होती. आजींचे डोळे आणि सकाळचा उजेड नसता, तर त्या चुकीची किंमत त्या मुलाने आयुष्यभर मोजली असती. रक्तातले बिलिरुबिन फार वाढले की ते मेंदूत उतरते आणि बहिरेपणापासून शरीराच्या ताठरपणापर्यंत कायमची हानी करते.

त्या दिवसानंतर मी कॅमेऱ्यातल्या एका छोट्याशा गोष्टीमागे लागलो. तिचे नाव व्हाइट बॅलन्स. छायाचित्रकारांना ती रोजची. डॉक्टरांना आणि फोटो पाठवणाऱ्या कुटुंबांना तिची ओळख क्वचितच असते. ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

नीळ आणि व्हाइट बॅलन्स

व्हाइट बॅलन्स म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बायकांना वेगळे शिकवावे लागत नाही. पांढरे कपडे धुऊन धुऊन पिवळट पडतात. मग शेवटच्या पाण्यात चार थेंब नीळ टाकतात. कपड्याचा पिवळेपणा निघून जात नाही. त्यात निळा मिसळल्याने डोळ्यांना तो पांढरा भासतो. कॅमेराही तेच करतो. उजेड पिवळा असेल तर चित्रात निळा वाढवतो, उजेड निळसर असेल तर पिवळा-तांबडा वाढवतो. हेतू एकच, पांढरी वस्तू चित्रात पांढरी दिसावी.

याची गरज पडते, कारण प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. तो केल्व्हिन या एककात मोजतात. समईची किंवा मेणबत्तीची ज्योत साधारण 1900 केल्व्हिन, तारेचा जुना बल्ब 2700 ते 2800, दुपारचे ऊन 5500 च्या आसपास, ढगाळ आकाश 6500, आणि निरभ्र दिवशी झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीतला उजेड 7000 च्या पुढे. आकडा वाढतो तसा उजेड निळा होत जातो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते, तोच हा क्रम आहे. 2015 च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली आणि घरोघरी एलईडी दिवे आले. एकाच घरात स्वयंपाकघरात पांढरा दिवा, देवघरात पिवळा आणि दारातून येणारा सूर्यप्रकाश, असे तीन रंगांचे उजेड आज सहज सापडतात. त्या तिन्हींच्या मध्ये बाळ झोपलेले असते.

आपल्याला यातले काही जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून हा समतोल आपोआप साधतात. पांढरा सदरा उन्हात आणि बल्बखाली आपल्याला पांढराच दिसतो. मोतीबिंदूच्या रुग्णांकडे पाहिले की ही यंत्रणा किती मुरलेली आहे ते कळते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे, तपकिरी होत जाते. पण ते इतके सावकाश होते की मेंदू जुळवून घेतो. शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ भिंग बसले की आजोबा म्हणतात, ‘सगळं निळसर दिसतंय, काही बिघडलं तर नाही ना?’ काही आठवड्यांत मेंदू नव्याने हिशेब जुळवतो आणि तक्रार थांबते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 1923 मध्ये झाली. त्याआधीच्या काळातल्या त्यांच्या चित्रांत लाल-तपकिरी रंगांची दाटी दिसते, त्याचा संबंध त्यांच्या भिंगाशी जोडला जातो.

मेंदूला आजूबाजूचा संदर्भ मिळाला नाही की तोही फसतो. 2015 च्या फेब्रुवारीत एका पोशाखाचा फोटो जगभर गाजला, ते अनेकांना आठवत असेल. काही लोकांना तो पांढरा-सोनेरी दिसत होता, काहींना निळा-काळा. प्रत्यक्षात पोशाख निळा-काळा होता. त्या फोटोतला उजेड कुठल्या रंगाचा होता हे कळायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापला अंदाज बांधला. माझ्या त्या गुलाबी बाळाच्या फोटोत नेमके हेच घडले होते.

कॅमेरा अंदाज कसा बांधतो

मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या बारीक गाळण्या बसवलेल्या असतात. कोडॅक कंपनीतले ब्राइस बेयर यांनी शोधलेल्या आणि 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या या मांडणीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. प्रत्येक गाळणीमागे किती प्रकाश पोहोचला, एवढेच संवेदकाला कळते. ‘हा कागद पांढरा आहे आणि दिवा पिवळा आहे’ की ‘कागदच पिवळा आहे आणि दिवा पांढरा आहे’ हे त्याला कळायचा मार्ग नाही. दोन्ही वेळा त्याच्याकडे येणारे आकडे सारखेच असतात.

मग तो गृहीत धरतो. सर्वांत जुने गृहीतक असे की, कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर सरासरी करडी यावी. सरासरी पिवळी आली तर दिवा पिवळा असणार, म्हणून निळ्याचा आकडा वाढवा. सरासरी निळी आली तर लाल वाढवा. आजचे फोन याहून हुशार आहेत. ते चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, आधीच्या लाखो फोटोंवरून शिकतात. तरीही शेवटी तो अंदाजच असतो. अंगण, माणसे, झाडे, भिंती असे मिश्र दृश्य असेल तर तो चांगला लागतो. चौकटीत एकाच रंगाची वस्तू भरली की तो चुकतो.

आता पिवळे बाळ क्रीम दुपट्यात गुंडाळून अगदी जवळून फोटो काढला, असे समजा. चौकटीत पिवळ्याशिवाय दुसरे काही नाही. कॅमेऱ्याला वाटते, दिवाच पिवळा आहे. तो निळीचे थेंब टाकतो आणि बाळाची कावीळ धुऊन काढतो. आपण काळजीपोटी बाळाच्या जितके जवळ जातो, तितकी ही शक्यता वाढते.

आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळ्या वाटेने माहीत असेल. निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे शेतकरी पानाचा फोटो काढून सल्लागाराला पाठवतात. डावणीचा तेलकट पिवळा डाग आहे की लोहाच्या कमतरतेमुळे शिरांमधला भाग पिवळा पडला आहे, हे त्यावरून ठरते. एकच पान चौकट भरून टिपले की हिरवा रंग मळकट होतो; आजूबाजूची माती आणि इतर पाने आली की तो पुन्हा जागेवर येतो. अनुभवी सल्लागार म्हणूनच विचारतो, ‘दादा, पूर्ण वेलीचाही एक फोटो टाका.’ डॉक्टरांनी निदान एवढे तरी विचारायला हवे.

नेमका तोच रंग

हा प्रश्न मला वैद्यकीय दृष्टीने गंभीर वाटतो, त्याचे कारण थोडे खोलात आहे. बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेते. त्वचेतून निळा वजा झाला म्हणून ती पिवळी दिसते. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेही याच कारणाने. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात 1956 मध्ये सिस्टर जीन वॉर्ड बाळांना बागेत उन्हात नेत असत. उन्हाने त्वचेचा पिवळेपणा उतरतो, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून फोटोथेरपी जन्माला आली. म्हणजे काविळीची सारी माहिती निळ्या रंगाच्या आकड्यात असते. व्हाइट बॅलन्स साधताना कॅमेरा साधारणपणे हिरवा आकडा तसाच ठेवतो आणि निळा व लाल कमी-जास्त करतो. ज्या आकड्यात निदान दडले आहे, त्याच्याशीच फोन आपल्याला न विचारता खेळतो.

लालबाबतही तेच. रक्तक्षय झालेल्या बाईची पापणी खाली ओढून आपण तिथला लालपणा पाहतो. प्राणवायू कमी पडला की ओठ निळसर होतात, ते लाल आणि निळ्यातल्या बारीक फरकावरून कळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यापैकी कुणाच्या पापणीचा फोटो पिवळ्या बल्बखाली काढला, तर फिकी पापणीही तांबूस दिसू शकते आणि तपासणी राहून जाते.

यात फोन बनवणाऱ्यांचा हेतूही लक्षात घ्यायला हवा. फोन विकला जातो तो फोटो ‘छान’ येतात म्हणून. छान म्हणजे उजळ त्वचा, गुलाबी गाल, निळे आकाश. अनेक फोनमध्ये चेहरा सुंदर करणारी सोय आपण न सांगताच सुरू असते. लग्नाच्या अल्बमला ते ठीक आहे. आजारी माणसाच्या फोटोत ती सोय म्हणजे रोग झाकणारी पावडर आहे.

आणि हे आजचे नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके 1870 मध्ये इथल्याच त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि 1944 मध्ये नाशिकलाच वारले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू पडद्यावर काळपट उमटे. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा कोडॅकने फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेली कार्डे दिली. त्या चेहऱ्यावर सगळे रंग बेतलेले, त्यामुळे सावळ्या माणसांचे चेहरे कित्येक वर्षे फोटोत मातकट येत राहिले. ‘फोटो खोटं बोलत नाही’ असे आपण म्हणतो खरे. पण रंगाच्या बाबतीत फोटोने पूर्ण खरे कधीच सांगितलेले नाही.

मग फोटो पाठवूच नयेत का?

मुळीच नाही. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या पाड्यांवरून तज्ज्ञापर्यंत पोहोचायला जिथे अर्धा दिवस लागतो, तिथे फोटो हे मोठे वरदान आहे. 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, दूरस्थ सल्ल्याला नियमांची चौकट मिळाली. दुरून दिलेला सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायला हवे, हा निर्णय त्यात डॉक्टरवर सोपवला आहे. तो निर्णय घेताना फोटोतल्या रंगावर किती विश्वास ठेवायचा, हे शिकवणारे प्रशिक्षण मात्र मला कुठे मिळाले नाही. मी जे शिकलो ते त्या बाळाकडून.

माझा स्वतःपुरता नियम आता असा आहे. फोटो पाहून ‘या’ असे सांगता येते, ‘यायची गरज नाही’ असे सांगता येत नाही. फोटोत बाळ पिवळे दिसले तर बोलवायचे. गुलाबी दिसले तरी आई, आजी किंवा आशाताई ‘पिवळं वाटतंय’ म्हणत असतील तर त्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा. त्यांचा मेंदू त्या खोलीत हजर असतो, तिथला उजेड त्याला ठाऊक असतो. माझ्या हातात आलेल्या फोटोला तो ठाऊक नसतो.

अर्थात डोळ्यांनाही मर्यादा आहेत. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, बाळाला भरपूर आणि शक्यतो नैसर्गिक उजेडात, कपडे काढून पाहा; पण बिलिरुबिन किती आहे हे नुसत्या नजरेने ठरवू नका, मोजा. पूर्ण दिवसांच्या सुमारे 60 टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे 80 टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप जाते. कुणाची जाणार नाही हे रक्त तपासून किंवा त्वचेवर टेकवायच्या यंत्राने मोजूनच कळते. सावळ्या बाळांत तर नजर आणखी कमी पडते. त्यांच्यात हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि बोटाने दाबून सोडलेली त्वचा पाहावी लागते. आपल्याकडे आणखी एक गंमत असते. न्हाणीत बाळाला हळद आणि डाळीचे पीठ लावलेले असते. ‘मावशी, हळद लावली होती का?’ हा प्रश्न मी आता आधी विचारतो.

फोटो काढायचाच असेल तर

दिवसा काढा. दाराशी किंवा खिडकीशी, थेट उन्हात नको, उजेडात. खोलीतले सगळे दिवे बंद करा, म्हणजे दोन रंगांचे उजेड मिसळणार नाहीत. फ्लॅश नको. रंगीत पडदा बाजूला करा, बाळाखाली रंगीत दुपट्याऐवजी साधे पांढरे कापड घ्या. जवळच्या पिवळ्या किंवा हिरव्या कापडाचा रंग त्वचेवर सांडतो. चेहरा उजळवणारी सोय आणि सगळे फिल्टर बंद करा.

बाळाशेजारी साधा पांढरा कागद ठेवा. हे सर्वांत महत्त्वाचे. कागदावर बाळावर पडतो तोच उजेड पडायला हवा. फोटोत कागद पिवळट दिसला तर डॉक्टरला लगेच कळते की उजेड पिवळा होता. निळसर दिसला तर कॅमेऱ्याने जास्त नीळ घातली आहे. छपाईच्या कागदात चमक आणणारी रसायने असतात, म्हणून तो उन्हात किंचित निळसर दिसतो. छायाचित्रकार त्यासाठी करडे कार्ड वापरतात. पण काहीच नसण्यापेक्षा कागद कितीतरी बरा. कागदाबरोबर आईचा तळहातही चौकटीत असू द्या, तुलनेला दुसरी त्वचा मिळते.

ज्यांच्या फोनमध्ये ‘प्रो’ प्रकारची सोय आहे, त्यांनी व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर म्हणजे साधारण 5500 केल्व्हिनवर ठेवावा आणि खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा. मग फोन मध्येच अंदाज बदलत नाही, आजचा आणि उद्याचा फोटो एकमेकांशी ताडून पाहता येतो. इथे एक गोंधळ होतो तो सांगतो. कॅमेऱ्यात केल्व्हिनचा आकडा वाढवला की चित्र निळे न होता पिवळे होते. आकडा वाढवणे म्हणजे ‘उजेड निळा आहे’ असे कॅमेऱ्याला सांगणे. मग तो उतारा म्हणून पिवळा घालतो. आणि पडद्यावर पांढऱ्या वस्तूला बोट लावले की रंग जुळतो, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक फोनमध्ये त्याने फक्त फोकस आणि उजेडाचे प्रमाण बदलते.

काही लक्षणांत मात्र फोटोच्या भानगडीत पडू नका, थेट दवाखाना गाठा. जन्मानंतरच्या पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे, दूध ओढत नाही, सुस्त पडले आहे, कर्कश रडते, दोन आठवड्यांनंतरही कावीळ कायम, शी पांढुरकी आणि लघवी गडद. अशा वेळी कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

माझी मागणी

घराघरांनी काळजी घ्यावी हे ठीकच. पण सगळा भार आशाताई आणि बाळंतिणीवर टाकणे मला योग्य वाटत नाही. व्यवस्थेने दोन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते.

पहिली गोष्ट कार्डाची. प्रत्येक गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळते आणि ते घरात जपून ठेवलेले असते. त्याच्या एका कोपऱ्यात पांढरा, करडा आणि काळा असे तीन चौकोन छापावेत. ते फक्त काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी छापले तर रंग चुकण्याची भीती कमी राहते. फोटो काढताना कार्ड बाळाशेजारी ठेवायचे, एवढेच काम. हा माझा हवेतला बेत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये मोबाइलवर कावीळ अजमावण्याची बिलीकॅम ही पद्धत मांडली, तेव्हा बाळाच्या छातीवर रंगाचे कार्ड ठेवणे हा तिचा पाया होता. तैवानने 2004 पासून प्रत्येक बाळाच्या कुटुंबाला शीच्या रंगांचे छापील कार्ड दिले आणि पित्तनलिका बंद असलेली बाळे लवकर ओळखली. जपानने 2012 पासून ते आपल्या माता-बाल पुस्तिकेतच घातले. घरोघरी बाळाला भेट देण्याची पद्धत आपल्या महाराष्ट्रानेच, गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून, देशाला दिली. आशाताईंच्या त्या भेटीत हे कार्ड आणि दहा मिनिटांचे प्रशिक्षण सहज बसेल.

दुसरी गोष्ट दिव्यांची. सरकारी असो की खासगी, रुग्णालयासाठी दिवे घेताना वॅट आणि किंमत पाहतात. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा निर्देशांक सहसा कुणी विचारत नाही. 100 म्हणजे उत्तम; साध्या एलईडीचा तो 80 च्या आसपास असतो. त्यातही मेख अशी की, हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल त्यात धरतच नाहीत. म्हणजे 80 चा दिवा लालबाबत बराच कच्चा असू शकतो, आणि डॉक्टरला तर लालच पाहायचा असतो. दिव्यातच एखादा रंग कमी असेल तर कुठलाही व्हाइट बॅलन्स तो परत आणू शकत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रुग्णालयाच्या दिव्यांसाठी वेगळे मानक आहे. निळसर पडलेला रुग्ण ओळखता येईल की नाही, यासाठी तिथे स्वतंत्र निर्देशांक मोजतात आणि तो 3.3 च्या वर जाऊ देत नाहीत. सगळे वॉर्ड एका दिवसात बदला, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक वॉर्डात एक तपासणीची खाट खिडकीशी असावी, तिच्यावर 90 च्या वरचा दिवा असावा आणि तिच्यामागची भिंत पांढरी असावी, एवढे तरी करता येईल. फोटोथेरपीखालच्या बाळाचा रंग पाहायचा असेल तर निळा दिवा क्षणभर बंद करून पाहावा, हेही नव्या नर्स-डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते.

‘डॉक्टरांना एवढे काम असताना आता फोटोग्राफीही शिकायची का?’ असे एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले. मी त्याला म्हणालो, आपण रक्तदाब मोजताना पट्ट्याची रुंदी पाहतो, तापमापक वापरण्याआधी पारा उतरवायला शिकलो होतो. ज्या साधनावरून निदान करायचे त्याची खोड ठाऊक असणे हा वैद्यकाचा भागच आहे. आज ते साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून त्याची खोडही प्रत्येकाला ठाऊक हवी.

मागच्याच महिन्यात एका पाड्यावरून फोटो आला. सकाळची वेळ, ओट्यावरचा उजेड, पांढऱ्या कापडावर उघडे बाळ, शेजारी वहीचा कोरा कागद आणि आईचा तळहात. कागद पांढरा होता, आईचा तळहात नेहमीसारखा होता, आणि बाळ पोटापर्यंत पिवळे होते. मला फोटोकडे दुसऱ्यांदा पाहावे लागले नाही. दुपारपर्यंत बाळ दिव्याखाली होते. आशाताईंना मी फोन करून म्हणालो, ‘ताई, फोटो झकास काढलात.’ त्या म्हणाल्या, ‘सर, कागद ठेवा म्हणून तुम्हीच तर सांगितलं होतं.’ कागद वहीतून फाडलेला होता. त्याला पैसाही लागला नव्हता.